लक्ष्मी रस्ता आणि शेवटची बस

दरवर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिका पादचारी दिन पाळते. २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा गाड्यांना बंद असतो. एरवी दुकानाच्या पायरीवरून उतरताच कुणाच्या तरी हँडलला धडकणारी माणसे त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभी राहून गप्पा मारतात, लहान मुले हात सोडून पळतात. दुसऱ्या दिवशी गाड्या परत येतात आणि त्यांच्याबरोबर दरवर्षीचा वादही. एक पक्ष म्हणतो, हे रोज करा, युरोपात करतात. दुसरा म्हणतो, एक दिवस ठीक आहे, रोज केलेत तर आमचा धंदा बसेल. याच सुमारास महापालिकेच्या दुसऱ्या दालनात वेगळा वाद चालू असतो. पीएमपीची, म्हणजे शहराच्या बससेवेची, संचलन तूट (बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यांतला फरक) किती वाढली, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी किती दिवस भरायची, तिकीट का वाढवू नये. हे दोन वाद एकमेकांना कधी भेटत नाहीत. पहिल्यात बसचे नाव निघत नाही आणि दुसऱ्यात लक्ष्मी रस्त्याचे.

माझ्या मते घोटाळा इथेच आहे. शहराचा मध्य चालत फिरण्याजोगा करणे आणि बससेवेला पुरेसा, हमखास पैसा देणे हे एकच काम आहे. बस नसताना रस्ता बंद कराल तर व्यापाऱ्यांची भीती खरी ठरेल. आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, रात्री जाण्यासारखे ठिकाणच राहिले नाही, तर बस फक्त कामावर जाणाऱ्यांची राहील आणि दिवसातले उरलेले तास रिकामी धावेल. म्हणून मी दोन्हींची बाजू घेतो, आणि बसचा पैसा त्याच रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या गाड्यांकडून घ्यावा असेही म्हणतो.

पेठांचा भाग ही पुण्याची करमणुकीची जागा होती, हे आता सांगावे लागते. १८८० साली किर्लोस्करांच्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला तेव्हा प्रेक्षक चालतच आले असणार, दुसरे साधन किती जणांकडे होते? पुढे भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक मंदिर, नदीपलीकडे १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर, आणि मध्ये विजय, अलका, नीलायम, प्रभात अशी चित्रपटगृहे. हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिकीट मिळाले नाही तर दहा मिनिटांवर दुसरा खेळ होता, खेळ सुटल्यावर खायला दुकाने होती, आणि मंडईला किंवा डेक्कनला बस मिळत होती. आम्ही हडपसरला राहायचो. सुट्टीत आई आम्हा दोघा भावंडांना पीएमटीने, म्हणजे पुण्याच्या तेव्हाच्या शहर बसने, शहरात आणायची. दुपारी तुळशीबाग, संध्याकाळचे बालनाट्य, नंतर एकाच पेल्यातली मस्तानी, आणि परतीची बस. आमच्या घरी तेव्हा सायकलही नव्हती. वाहन नसलेल्या कुटुंबाचा या शहराच्या मध्यावर पूर्ण हक्क होता, तो बसने दिला होता. आज तशाच मिळकतीचे कुटुंब फुरसुंगीहून संध्याकाळचे नाटक बघायला निघाले, तर त्याला आधी दुचाकी लागते. चौघांचे असेल तर दोन.

पहिल्यांदा तुटीच्या शब्दाकडे बघू, कारण सगळी चर्चा तिथे अडते. पीएमपी २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. तिची संचलन तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के भरते. रक्कम शेकडो कोटींत जाते, आणि दरवर्षी ती अशा सुरात छापून येते की जणू कुणी पैसे बुडवले. मग रस्त्यावरच्या दिव्यांची तूट किती? पावसाळी गटारांची? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशक वापरून २०२० च्या जुलैमध्ये पाडला, कारण मेट्रो आणि नवा पूल त्याच्यासकट बसत नव्हते. जुना बांधायला पैसे गेले, पाडायला गेले, नवा बांधायला गेले. त्या पुलावरून जाणाऱ्या एकाही मोटारीने एक रुपया तिकीट दिले नाही, आणि या खर्चाला कुणीही ‘तूट’ म्हटले नाही. त्याला विकासकाम म्हणतात. बसमधला माणूस रोज तिकीट काढतो, खर्चाचा मोठा हिस्सा स्वतःच्या खिशातून देतो, तरी उरलेल्या हिश्शाची जबाबदारी त्याच्यावर. पीएमपीने रोज दहा लाखांहून जास्त माणसे प्रवास करतात. ती सगळी उद्या दुचाकीवर आली तर मोटारवाल्यालाही स्वारगेट ओलांडता येणार नाही. म्हणजे बसच्या अनुदानाचा फायदा बसमध्ये न बसणाऱ्यालाही रोज मिळतो, त्याचा हिशेब मात्र कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

बसकडे आणि गाडीकडे बघण्यातला फरक दोन निर्णयांत फार स्वच्छ दिसतो. जून २०२५ मध्ये पीएमपीचे किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले, दिवसाचा पास ४० वरून ७०, महिन्याचा ९०० वरून १,५००. त्या वेळी महापालिकेत तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, त्यामुळे प्रश्न विचारायला कुणाकडे जायचे हेही लोकांना कळेना. आता दुसरी बाजू बघा. रस्त्यावर गाडी लावायला पैसे घेण्याचे धोरण महापालिकेच्या मुख्य सभेत मार्च २०१८ मध्ये आले. तेव्हा नगरसेवक होते, मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, आणि धोरण पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक म्हणून मंजूर होऊन फायलीत राहिले. एक मोटार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. लक्ष्मी रस्त्यावर १३५ चौरस फुटांच्या गाळ्याचे भाडे काय आहे, हे तिथल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारावे. तीच जागा, त्याच रस्त्यावर, गाडी असलेल्याला आपण वर्षानुवर्षे फुकट देत आलो. अनुदान म्हणतात ते हेच, फक्त त्याची पावती फाटत नाही.

व्यापाऱ्यांचे म्हणणे मात्र मी उडवून लावणार नाही. लक्ष्मी रस्ता सोन्याचा आणि लग्नाच्या बस्त्याचा रस्ता आहे. बस्ता बांधायला साताऱ्याहून, बारामतीहून दहा-बारा माणसे येतात, बरोबर म्हातारी असतात, परतताना पिशव्या असतात, दागिने असतात. त्यांनी ते घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढावे असे म्हणणे मूर्खपणाचे आहे. दुकानदाराने उधारीवर माल भरलेला असतो. रस्ता बंद करून सहा महिने गिऱ्हाईक घटले तर पगार द्यायचे कुणी? हा प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ‘युरोपात चालते’ हे त्याचे उत्तर होत नाही.

उत्तर त्याच्या दुकानापासून दोनशे पावलांवर आहे. तुळशीबागेच्या बोळांत गाडी जात नाही, आणि तिथे पाय ठेवायला जागा नसते. हा काही वाहतूक नियोजनाचा प्रयोग नाही, नारो आप्पाजी खिरे यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या राममंदिराभोवती वाढलेला बाजार आहे, आणि पुण्यातल्या बायकांच्या दोन-तीन पिढ्या तिथे बसने, रिक्षाने, चालत येऊन खरेदी करत आल्या आहेत. किंवा गणपती बघा. दहा दिवस संध्याकाळी मध्यवर्ती रस्त्यांवर गाड्यांना बंदी असते, देखावे बघायला लाखो माणसे लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता पायी पालथे घालतात, मध्यरात्री बायका कडेवर मुले घेऊन निर्धास्त चाललेल्या असतात. त्या दिवसांत भेळवाल्यापासून उपाहारगृहापर्यंत कुणी गिऱ्हाईक नाही म्हणून बसलेला मी पाहिलेला नाही. आणि त्या दहा दिवसांत माणसे येतात कशी? पीएमपी जादा गाड्या सोडते, आणि २०२५ च्या विसर्जनाला मेट्रो रात्रभर चालली. वर्षातले दहा दिवस हे शहर, कुणीही न शिकवता, रस्ता आणि बस यांना एकत्र हाताळते. उरलेल्या ३५५ दिवसांत ते आपल्याला अशक्य का वाटते?

आणखी एक गोष्ट व्यापारी मंडळींनी मोजून पाहावी. सकाळी दुकानांची शटर वर जाताना ज्या दुचाक्या रस्त्याकडेला लागतात, त्यांतल्या कितीतरी रात्री शटर खाली येईपर्यंत हलत नाहीत. त्या गिऱ्हाइकाच्या नसतात. त्या मालकांच्या आणि कामावरच्या माणसांच्या असतात. दिवसभर अडलेली ती जागा गिऱ्हाइकाला कधीच मिळत नाही, मग तो दोन फेऱ्या मारतो आणि वैतागून मॉलकडे वळतो. मॉल तरी काय असतो? गाडी बाहेर ठेवायची, बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे मोजायचे, आणि आत गाड्यांना बंदी असलेल्या लांबलचक रस्त्यावर तास-दोन तास चालायचे, खायचे, सिनेमा बघायचे. विमाननगरच्या फिनिक्स मार्केटसिटीत हेच घडते. चालायला लावले तर गिऱ्हाईक पळते हे खरे असते, तर मॉल कधीच बंद पडायला हवे होते. मॉलने आपल्याकडून घेतलेली कल्पना आपण जुन्या बाजारात परत आणायला घाबरतो आहोत. फरक एवढाच की मॉलच्या दारात रखवालदार असतो, आणि लक्ष्मी रस्त्याला दार नाही. तो सगळ्यांचा आहे.

बाहेरचे एक उदाहरण मी देणार आहे, कारण त्यात रस्ता आणि पैसा दोन्ही आहेत. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात १९८९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत प्रश्न हाच होता. मध्यवस्तीतल्या व्यापाऱ्यांना भुयारी मेट्रो हवी होती, म्हणजे वरचा रस्ता गाड्यांना मोकळा राहील. कॅथरीन ट्रॉटमन यांनी उलट बाजू घेतली. ट्राम जमिनीवरून नेऊ, त्यासाठी मध्यवस्तीतल्या गाड्या कमी करू, असे सांगून त्या निवडून आल्या. १९९२ मध्ये शहराचा मुख्य चौक, प्लास क्लेबेर, आरपार जाणाऱ्या गाड्यांना बंद झाला, १९९४ मध्ये ट्राम धावू लागली, आणि १९९५ मध्ये त्याच महापौर पुन्हा निवडून आल्या. लोक यातली धाडसाची गोष्ट सांगतात, मला त्यामागचा पैसा जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समध्ये १९७१ पासून आधी पॅरिस परिसरात, १९७३ पासून इतर मोठ्या शहरांत, नोकऱ्या देणाऱ्या आस्थापनांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात. तो स्थानिक सार्वजनिक वाहतुकीवरच खर्च होतो. तर्क सरळ आहे: कामगार वेळेवर कामावर पोचतो याचा फायदा मालकाला होतो, तेव्हा त्याने वाटा उचलावा. त्या हमखास पैशामुळे त्या शहरांना ‘यंदा अनुदान मिळेल का’ या चिंतेत दिवस काढावे लागले नाहीत.

इथे कुणी म्हणेल, फ्रान्स श्रीमंत देश आहे. पण ठरावीक कामासाठी ठरावीक कर लावण्याची बुद्धी महाराष्ट्राला फ्रान्सकडून उसनी आणायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने हाताला काम देण्याचे मोठे पाऊल उचलले, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम खेड्यात बांध घालणाऱ्या मजुराच्या हातात जावी, असा तो विचार होता. आजही आपल्या पगारपत्रकावर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कराचे. ज्या राज्याने दूरच्या माणसासाठी शहराकडून कर घेऊन दाखवला, त्याला शहरातल्याच माणसाच्या बससाठी तसे करता येणार नाही, हे मला पटत नाही. व्यवसाय कराला घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे, ती १९८८ नंतर बदललेली नाही, तेव्हा तोच कर वाढवा असे म्हणून भागणार नाही, हे मान्य. पण दुसरी वाट आधीच उघडी आहे. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर किंवा दुकान घेताना मुद्रांक शुल्काबरोबर मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. मेट्रोमुळे जमिनीची किंमत वाढते, तिचा थोडा भाग परत घ्यायचा, हे तत्त्व सरकारने स्वीकारलेले आहे. मग त्या मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस आणून सोडणाऱ्या बसचा त्यात वाटा का नाही? वाघोलीत किंवा आंबेगावात बसचा मार्ग आला की बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातीत तो ठळक छापतात. किंमत वाढल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

महापालिकेकडे पैसा नाही, हे म्हणणे अर्धे खरे आहे. २०१३ मध्ये पुण्याची जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि पुढे वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकेचे स्वतःचे मोठे उत्पन्न राज्याच्या भरपाईवर अवलंबून राहिले. पण गेल्या काही वर्षांत याच शहराला बांधकामांसाठी पैसा मिळालाच ना? मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च ११,४२० कोटी रुपये धरला होता, आणि तो केंद्र, राज्य, महापालिका आणि कर्ज यांतून उभा राहिला. मी मेट्रोच्या विरोधात नाही. मंडई आणि कसबा पेठ स्थानके सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि पेठांच्या मध्यावर गाडीशिवाय उतरण्याची सोय पहिल्यांदाच इतकी चांगली झाली. माझा आक्षेप असा की एकदाच लागणाऱ्या भांडवलाला सगळे तयार असतात, आणि रोज लागणाऱ्या इंधनाला, वीजबिलाला, चालकाच्या पगाराला कुणी नाही. उद्घाटनाची फीत भांडवलाला असते. बस वेळेवर आली तर कुणी फीत कापत नाही.

मुंबईने याचा धडा दोनदा दिला आहे. बेस्टकडे वीजपुरवठा आणि बस दोन्ही होते, आणि विजेच्या कमाईतून बसची तूट भरण्याची पद्धत कित्येक दशके चालली. वीजग्राहकांवर बसचा बोजा का, असा प्रश्न २००३ च्या वीज कायद्यानंतर जोराने पुढे आला. तो प्रश्न न्यायाचाच होता. पण ती वाट बंद होत गेल्यावर तिच्या जागी दुसरी कायमची वाट कुणी काढली नाही. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान तिकीट ५ रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी भराभर परतले. म्हणजे माणसांना बस नको होती असे नव्हते. मे २०२५ मध्ये ते तिकीट पुन्हा १० रुपये झाले. सहा वर्षांत एकदा स्वस्त, एकदा महाग, दरम्यान स्वतःच्या गाड्या कमी आणि भाडेतत्त्वावरच्या जास्त. हमखास पैसा नसलेल्या व्यवस्थेचे असेच होते, तिला पुढच्या वर्षाच्या पलीकडचे काही ठरवता येत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. दुचाकी ही गरिबाची गाडी आहे. २०१८ च्या मोर्चांत हीच घोषणा होती, आणि ती खोटी नव्हती. ज्या माणसाला सकाळी सहाला एका कारखान्यात, दुपारी दुसरीकडे आणि रात्री गावाबाहेरच्या खोलीवर जायचे आहे, त्याला बसने कधी वेळेवर पोचवले नाही, म्हणून त्याने हप्त्याने दुचाकी घेतली. २०१८ मध्येच पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली आणि शहराची अंदाजे लोकसंख्या ३५ लाख होती. ही हौस नव्हती, नाइलाज होता. त्याच्याकडून आधी पार्किंगचे पैसे घ्यायचे आणि बस नंतर कधीतरी, हा अन्याय होईल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी बस वाढवा, मग पार्किंगला दर लावा, आणि मोटारीचा दर दुचाकीच्या कित्येक पट ठेवा. पण मला या युक्तिवादाची दुसरी बाजूही दिसते. दुचाकीचा हप्ता, पेट्रोल, दुरुस्ती, विमा आणि एका घरात दोन दुचाक्या हा गरिबाने वाहतुकीवर दिलेला खाजगी करच आहे. तो आपण त्याच्यावर लादला, आणि मग ‘पार्किंग फुकट आहे ना’ म्हणून त्याचे समाधान केले. शिवाय ज्याच्याकडे तीही नाही त्याचे काय? म्हातारी माणसे, शाळकरी मुले, घरकाम करणाऱ्या बायका यांना फुकट पार्किंगने कधी काही दिले नाही.

जुलै २०२१ मध्ये पीएमपीने मध्यवर्ती पेठांसाठी ‘पुण्यदशम’ ही छोट्या बसची सेवा काढली होती, १० रुपयांत दिवसभर कितीही फिरा. कल्पना अगदी अचूक होती. पेठेच्या बाहेर उतरा, आत लहान बसने किंवा पायी फिरा. पण त्याच रस्त्यांवर दुचाकी लावायला बहुतेक ठिकाणी शून्य रुपये पडत होते. फुकटाशी दहा रुपयांची स्पर्धा कशी टिकणार? आणि त्या लहान बसही लावलेल्या गाड्यांच्या मधून, इतरांसारख्याच, मुंगीच्या पावलांनी जात होत्या. हे दोन निर्णय एकत्र घ्यायला हवे होते असे मी म्हणतो, त्याचा अर्थ हा.

पेठेत राहणाऱ्यांची भीती वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. माझी मावशी सदाशिव पेठेत राहते, तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. ती म्हणाली, “रस्ता बंद केलास तर मला डॉक्टरकडे कोण नेणार? आणि रात्री बारापर्यंत लोक खायला आले तर मी झोपायचे कधी?” हा आक्षेप मला कुठल्याही व्यापारी संघटनेच्या निवेदनापेक्षा वजनदार वाटतो. रहिवाशांच्या गाड्या, रुग्णवाहिका, अपंग व्यक्तींची रिक्षा यांना मुभा हवीच, माल उतरवायला सकाळची ठरलेली वेळ हवी. आवाजाची मर्यादा पाळली जात नसेल तर तो रस्ता फक्त बाहेरच्यांचा होईल. भाडी वाढून जुने भाडेकरू आणि पथारीवाले हाकलले जाण्याचा धोकाही आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना जागेचा हक्क दिला आहे, त्याची नोंद आराखड्यात आधी झाली पाहिजे, सुशोभीकरण नंतर. दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी हा सव्वा किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंद झाला. दगडी फरसबंदी उत्तम झाली, पण राखण करायला रोज माणूस आणि पैसा लागतो, तो कमी पडला की गाड्या परत घुसतात. फरसबंदीने रस्ता पायी होत नाही. तरी मावशीला मी हेही विचारले की घरापासून चितळ्यांच्या दुकानापर्यंत ती शेवटची चालत कधी गेली. तिला आठवेना. फुटपाथवर गाड्या असतात, म्हणून ती उतरतच नाही. आजच्या व्यवस्थेतही तिची सोय नाही, हे आपण विसरतो.

आणि ‘आधी पाणी, आधी शाळा, मग ही चैन’ असे म्हणणारे? त्यांच्या मागे फार मोठे नाव उभे आहे. मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला पुणे नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. १८८६ मध्ये रे मार्केट उभे राहिलेच, आणि पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. जोतीरावांचा प्रश्न तेव्हा बरोबर होता आणि आजही तो विचारलाच पाहिजे: कुणाच्या पैशातून कुणाची सोय? तोच प्रश्न मी लक्ष्मी रस्त्याला विचारतो. गाडी लावायला फुकट जागा, गाडीसाठी पूल, गाडीसाठी रुंद केलेला रस्ता, ही सोय कुणाची? आणि त्या रस्त्याच्या कडेला तासभर बसची वाट बघणारी बाई कोण?

नाटकाचेच घ्या, कारण मला ते जवळचे आहे. रात्री साडेनऊचा प्रयोग साडेबाराच्या आसपास सुटतो. मेट्रोची शेवटची गाडी अकराला सुटते, ही वेळही २०२५ च्या जानेवारीत दहावरून वाढवली म्हणून. पीएमपीच्या रातराणीच्या मोजक्या बस काही ठरावीक मार्गांवर आहेत. मागच्या हिवाळ्यात एका प्रयोगानंतर रंगमंदिराच्या दारात माझ्या शेजारी पन्नाशीच्या दोन बायका उभ्या होत्या. एका रिक्षावाल्याने हडपसरचे भाडे सांगितले, ते त्या दोघींच्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा जास्त होते. त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, “पुढच्या वेळी दुपारचा खेळ.” दुपारचा खेळ शनिवार-रविवारीच असतो, आणि त्यांतली एक रविवारी कामाला जाते, हे तिने मला नंतर सांगितले.

शनिवारी रात्री पाऊण वाजता बालगंधर्वच्या दारातून हडपसर, कात्रज, वारजे आणि निगडीकडे चार बस सुटाव्यात. त्यांचा खर्च जंगली महाराज रस्त्यावर आणि लक्ष्मी रस्त्यावर त्याच संध्याकाळी लागलेल्या गाड्यांच्या पार्किंग शुल्कातून निघावा, आणि ती रक्कम दुसरीकडे वळवता येणार नाही असा ठराव मुख्य सभेने करावा. सुरुवात एवढ्यावर होऊ शकते. पादचारी दिन पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही, तोच तुकडा दर शनिवारी संध्याकाळी पाच ते रात्री बारा बंद ठेवता येईल, त्या चार बस उभ्या राहिल्या की लगेच.